यादीविना मैफल : जॅरेट, पीकॉक आणि डिजॉनेट यांची त्रयी

पियानो, डबल बेस आणि ड्रम्स या तीन वाद्यांच्या मेळाला जॅझ संगीतात ‘पियानो ट्रायो’ म्हणतात. अशा त्रयी असंख्य झाल्या. परंतु एकाच संचाने तीस वर्षांहून अधिक काळ देशोदेशी मैफली केल्याचे उदाहरण विरळाच. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट, बेसवादक गॅरी पीकॉक आणि ड्रमवादक जॅक डिजॉनेट यांची त्रयी हे असे उदाहरण आहे. १९८३ ते २०१४ या काळात या तिघांनी अमेरिका, युरोप आणि जपानमधील श्रोत्यांसमोर प्रामुख्याने जुनी, इतरांनी रचलेली आणि अनेकांना तोंडपाठ असलेली गाणी वाजवली. त्या रात्री कोणती गाणी वाजणार, हे मात्र सहसा आधी ठरलेले नसे.

‘स्टँडर्ड’ म्हणजे काय?

या त्रयीची ओळख ‘स्टँडर्ड्स ट्रायो’ अशीच झाली. जॅझमधील ‘स्टँडर्ड’ म्हणजे सर्व वादकांना ठाऊक असलेली, पिढ्यान्‌पिढ्या वाजवली जाणारी रचना. यांपैकी पुष्कळ रचना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतून आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून आल्या. मराठी रसिकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. संगीत नाटके रंगभूमीवरून उतरली, तरी त्यांतील पदे मैफलीत गायली जात राहिली. तसेच येथेही घडले. जेरोम कर्न यांनी संगीत दिलेले आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी लिहिलेले ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे गीत १९३९ सालच्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या नाटकातले. नाटकाचे अवघे ५९ प्रयोग झाले. आज ते नाटक अभ्यासकांपुरते उरले आहे. गीत मात्र जवळजवळ प्रत्येक जॅझवादकाच्या बोटांत आहे.

अशा गीताचा साचा बहुधा ३२ मात्राखंडांचा असतो आणि त्यात आठ-आठ खंडांचे चार भाग असतात. प्रथम मूळ धून वाजते. त्यानंतर तोच स्वरसंवादांचा क्रम पुन्हापुन्हा फिरत राहतो आणि त्याच्या आधारे वादक उत्स्फूर्त विस्तार करतात. शेवटी धून परत येते. हे फिरणे आपल्याकडील आवर्तनाशी जुळणारे आहे. फरक असा की, ख्यालगायनात षड्ज अढळ राहतो आणि विस्तार एका रागाच्या चौकटीत होतो. येथे आवर्तनाच्या पोटात आधारस्वरच बदलत जातो. ‘ऑल द थिंग्ज यू आर’मध्ये तर तो एकाच आवर्तनात अनेकदा सरकतो, आणि त्याचा साचाही ३२ ऐवजी ३६ खंडांचा आहे. श्रोत्याला धून सोपी वाटते. वादकासाठी ती चढउतारांची वाट असते.

तिघे एकत्र कसे आले?

जॅरेट यांचा जन्म १९४५ सालचा, पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनचा. साठच्या दशकात चार्ल्स लॉइड यांच्या चौकडीत आणि पुढे माइल्स डेव्हिस यांच्या संचात ते व डिजॉनेट एकत्र वाजवत होते. डिजॉनेट (जन्म १९४२, शिकागो) स्वतः उत्तम पियानो वाजवत. त्यामुळे पियानोचे वाक्य कोठे वळणार, याचा अंदाज त्यांना लवकर येत असे. पीकॉक (जन्म १९३५) हे वयाने ज्येष्ठ. त्यांनी आणि डिजॉनेट यांनी वेगवेगळ्या वेळी बिल एव्हान्स यांना साथ केली होती. बेस आणि ड्रम्स हे केवळ ठेका धरणारे साथीदार नसून संभाषणातील बरोबरीचे भागीदार आहेत, ही दृष्टी पियानो-त्रयीत ठळकपणे आणली ती एव्हान्स यांनी. तिचा वारसा या संचात सरळ आला.

१९७७ साली पीकॉक यांच्या ‘टेल्स ऑफ अनदर’ या ध्वनिमुद्रणासाठी तिघे प्रथम एकत्र आले. त्यानंतर जानेवारी १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पॉवर स्टेशन’ स्टुडिओत निर्माते मानफ्रेड आयशर यांच्या ‘ई.सी.एम.’ या कंपनीसाठी त्यांनी वादन केले. त्या एकाच बैठकीतून तीन अल्बम निघाले : ‘स्टँडर्ड्स’चे दोन खंड आणि ‘चेंजेस’. तोवर जॅरेट यांची कीर्ती कोणतीही रचना हाताशी न घेता एकट्याने रंगवलेल्या मैफलींसाठी होती. १९७५ सालची कोलोनची मैफल त्यांत सर्वांत गाजलेली. नवे काही निर्माण करणाऱ्या कलावंताने जुन्या गाण्यांकडे वळावे, याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले.

मैफलीची रीत

त्या आश्चर्याचे उत्तर मैफलींनी दिले. ही त्रयी सहसा तालीम करीत नसे. अनेकदा जॅरेट एकटेच प्रस्तावना सुरू करीत. तीतून गाण्याची चाहूल लागताच बेस आणि ड्रम्स अलगद आत येत. त्यामुळे श्रोत्यांप्रमाणे साथीदारही गाणे ओळखण्याच्या खेळात सामील असत. धून संपल्यावर एखाद्या लहानशा लयबद्ध आकृतीवर तिघे रेंगाळत आणि त्यातून नवीनच रचना उभी राहत असे. न्यूयॉर्कच्या ‘ब्लू नोट’ क्लबमध्ये जून १९९४ मध्ये सलग तीन रात्री झालेले सहा कार्यक्रम सहा सीडींच्या संचात संपूर्ण उपलब्ध आहेत. त्यांतील जोसेफ कोस्मा यांचे ‘ऑटम लीव्ह्ज’ हे मुळात काही मिनिटांचे फ्रेंच गीत सव्वीस मिनिटांहून अधिक काळ चालते.

हेच गीत म्युनिकच्या १९८६ च्या, टोकियोच्या १९९६ च्या आणि फ्रान्समधील ज्वाँ-ले-पँ येथील २००२ च्या मैफलीतही आहे. ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकल्यास त्रयीचा संग्रह म्हणजे गाण्यांची यादी नव्हे, हे ध्यानात येते. गाणे तेच राहते. बदलतो तो त्यातला प्रवास. रिकाम्या पाटीवर लिहिण्याचीही त्यांना भीती नव्हती. १९८७ च्या अमेरिकन दौऱ्यातील ‘चेंजलेस’, २००० साली लंडनमध्ये मुद्रित झालेले ‘इनसाइड आउट’ आणि २००१ चे टोकियोतील ‘ऑलवेज लेट मी गो’ यांत पूर्वरचित गाण्यांचा आधार जवळजवळ नाही.

आजार आणि पुनरागमन

१९९६ मध्ये जॅरेट यांना दीर्घकालीन थकव्याच्या विकाराने गाठले. पियानोपाशी बसणेही कठीण झाले आणि दोन वर्षे मैफली थांबल्या. पुन्हा वाजवता येईल की नाही, याचीच शंका होती. १४ नोव्हेंबर १९९८ रोजी घरापासून फार दूर नसलेल्या न्यूअर्क शहरातील न्यू जर्सी परफॉर्मिंग आर्ट्स सेंटरमध्ये त्रयीने कसोटी म्हणून मैफल ठेवली. त्या वेळी जॅरेट यांनी साथीदारांना बीबॉप शैलीच्या रचना सुचवल्या. बीबॉप म्हणजे चाळीसच्या दशकातील चार्ली पार्कर, बड पॉवेल यांची अतिवेगवान शैली. आजारी माणसाने अवघड रचना निवडाव्यात, हे वरकरणी विसंगत वाटते. पण त्यामागे विचार होता. या शैलीला बोटांची चपळाई लागते, जोर मात्र कमी लागतो. गाण्यांची निवड ही येथे केवळ आवडीची बाब नव्हती. शरीराला झेपेल अशी वाट शोधण्याचा तो मार्ग होता. ही मैफल ‘आफ्टर द फॉल’ या नावाने २०१८ साली प्रसिद्ध झाली. १९९९ च्या पॅरिस मैफलीच्या ‘व्हिस्पर नॉट’ या अल्बमवरही बीबॉपची हीच छाया आहे. ‘आफ्टर द फॉल’चा शेवट व्हिक्टर यंग यांच्या ‘व्हेन आय फॉल इन लव्ह’ या संथ गीताने होतो.

अखेरचे पर्व

त्यानंतर दौरे सोळा वर्षे चालू राहिले. २००९ सालची ल्युसर्नची मैफल २०१३ मध्ये ‘समव्हेअर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्रयीची शेवटची मैफल ३० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यूअर्कच्या त्याच केंद्रात झाली, जेथे १९९८ साली वादन पुन्हा सुरू झाले होते. २०१८ मध्ये जॅरेट यांना पक्षाघाताचे दोन झटके आले. डाव्या हातातील बळ पूर्ववत झाले नसून पुन्हा जाहीर वादन होण्याची शक्यता नाही, असे त्यांनी २०२० मध्ये सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पीकॉक यांचे निधन झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिजॉनेट यांचेही झाले.

या त्रयीची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या रसिकाने १९८३ च्या ‘स्टँडर्ड्स’च्या पहिल्या खंडापासून आरंभ करावा, मग ‘ब्लू नोट’च्या तीन रात्री ऐकाव्यात आणि शेवटी ‘आफ्टर द फॉल’कडे यावे. गाणी बरीचशी ओळखीची होतील. ज्यांचे नाटक कोणाला आठवत नाही, ज्यांचा चित्रपट कोणी पाहिलेला नाही, अशी ती गाणी या तिघांच्या हातून दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखी ऐकू येतात.