मुलांमधील नैराश्य ओळखताना

नैराश्य हा मोठ्या माणसांचा आजार, असा समज अजूनही रूढ आहे. वास्तविक तो शाळकरी मुलांनाही होतो. मात्र त्याचे रूप निराळे असते. मोठी माणसे उदास दिसतात, मुले अनेकदा चिडचिडी होतात. त्यामुळे आजारी मूल घरी 'हट्टी' आणि शाळेत 'आळशी' ठरते व उपचार लांबतात.

लक्षणे कोणती?

लहान मुलांना मनातील दुःख शब्दांत सांगता येत नाही. शाळेच्या वेळी वारंवार पोट किंवा डोके दुखणे, खेळातून मन उडणे, क्षुल्लक कारणाने रडू येणे, ही त्यांची भाषा असते. किशोरवयात झोप व भूक बिघडते, मित्र नकोसे होतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, 'माझा काही उपयोग नाही' असे उद्गार निघतात. अशी अनेक लक्षणे जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा अधिक काळ टिकली, तर 'वयच तसे आहे' म्हणून दुर्लक्ष करू नये.

कोणी लक्ष ठेवावे?

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहांत असतात. वागण्यातील बदल टिपणारे आईवडील कित्येक महिने जवळ नसतात. शिक्षणासाठी बाहेरगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचेही तेच. येथे वर्गशिक्षकांची नजर मोलाची ठरते. वाढती गैरहजेरी आणि एकाएकी घसरलेले गुण, ही शिक्षेची नव्हे, विचारपूस करण्याची कारणे आहेत.

मदत कोठे मिळेल?

सौम्य नैराश्यात समुपदेशन व घरच्यांचा आधार अनेकदा पुरेसा ठरतो. आजार तीव्र असल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधे दिली जातात. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो.

मूल मरणाविषयी बोलू लागल्यास ती धमकी समजू नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे शांतपणे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मूल बोलते होते. अशा मुलाला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.