मागणीबरहुकूम सीडी व परभणीची गीतपरंपरा

गीताचा इतिहास लिहिताना कवी, गायक व श्रोता या तिघांचा विचार केला जातो. प्रत तयार करणाऱ्याचा सहसा होत नाही. वस्तुतः किमान किती प्रती खपल्या असता ध्वनिमुद्रणाचा खर्च भरून निघतो, या प्रश्नाच्या उत्तरावर कोणत्या प्रदेशाची बोली मुद्रित व्हावयाची हे पुष्कळ अंशी ठरत आले आहे. ही किमान संख्या जेव्हा एकावर आली, तेव्हा एक जुनी अडचण दूर झाली आणि एक नवी उभी राहिली. परभणी जिल्ह्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करता येते.

या जिल्ह्याची गीतसंपदा अल्प नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत नामदेवांशी निगडित असलेले नरसी हेही याच जिल्ह्यात होते. जात्यावरची ओवी, संबळ-तुणतुण्यावरचा गोंधळ, दर्ग्याच्या उरुसातील कव्वाली आणि भीमगीत हे प्रवाह येथे शेजारी शेजारी वाहत आले. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांचे नाव लोककलेच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. संतांचे अभंग कोणी लिहून घेतले याची नामावली परंपरेने जपली असून, जनाबाईंचे लेखक प्रत्यक्ष विठ्ठल होते अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेतून एक गोष्ट सूचित होते : गाणारीच्या मागे लिहून घेणारा कोणी तरी असावा लागतो, याची जाणीव परंपरेला होती.

ग्रामोफोनच्या काळात हा लिहून घेणारा दूर गेला. इ. स. १९०२ मध्ये फ्रेडरिक गाइसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे दाबल्या जात. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना सुरू झाला. मेणावरील मूळ मुद्रणावरून धातूचा साचा करावयाचा व त्या साच्याने तबकड्या दाबावयाच्या, अशी ही रीत होती. साच्याचा खर्च शंभर प्रतींसाठी व दहा हजार प्रतींसाठी सारखाच. म्हणून मोठ्या खपाची खात्री असलेलेच गायक निवडले जात. शिवाय तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. रात्रभर चालणारे गोंधळाचे आख्यान तिच्यात मावणे शक्यच नव्हते.

खपाचा प्रश्न नसलेल्या मुद्रणातही परभणीच्या वाट्यास उपेक्षाच आली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीला जोडून १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषाबोलींचे नमुने तबकड्यांवर घेण्यात आले. परंतु हैदराबाद संस्थान पाहणीच्या कक्षेबाहेर होते, आणि परभणी त्या संस्थानात होती. ‘मपला’, ‘तुपला’ अशी सर्वनामरूपे असलेली व उर्दूच्या दीर्घ सहवासाने घडलेली येथील बोली त्या काळी कशी ऐकू येत असे, हे सांगणारा पुरावा म्हणूनच इतका तुटपुंजा आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेल्या कॅसेटने ही स्थिती पालटली. फितीची नक्कल करण्यास साचा लागत नाही. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, कॅसेटमुळे भारतातील एका कंपनीची मक्तेदारी कशी मोडली व प्रादेशिक गीतांना बाजार कसा मिळाला, याचे सविस्तर विवेचन केले आहे. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण भीमगीतांचे. वामनदादा कर्डक यांची रचना आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज खेड्यापाड्यांत पोहोचला, त्यात या फितीचा वाटा मोठा होता.

१९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी मात्र पुन्हा साच्याकडे वळली. काचेवरील मूळ मुद्रण व त्यावरून निकेलचा साचा या रीतीमुळे कारखान्यातून काही शे ते हजार प्रती एकदम काढल्याशिवाय परवडत नसे. स्वतंत्र गायकास हा खर्च झेपत नाही व न खपलेल्या प्रती घरात पडून राहतात. ही कोंडी लेखनक्षम सीडीने फोडली. तिच्यातील सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरकिरणाने नोंद होते. साचा नको, म्हणून पहिली प्रत व हजारावी प्रत यांचा खर्च जवळजवळ एकच. या गुणावर मागणीबरहुकूम निर्मितीची पद्धत उभी राहिली. अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या एमपी३ डॉट कॉम या संस्थेने कलावंताचे गाणे संगणकावर ठेवून, ग्राहकाची मागणी आली की तेवढीच सीडी तयार करावयाची व किमतीतील निम्मा वाटा कलावंतास द्यावयाचा, असा उपक्रम चालविला. २००३ मध्ये संस्था मोडली. पद्धत मात्र इतरांनी पुढे नेली.

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत हीच रीत निराळ्या वेषाने आली. २००० नंतरच्या दशकात संगणकाच्या व छायाचित्रणाच्या दुकानांतून गिऱ्हाईक सांगेल ती गाणी कोऱ्या सीडीवर उतरवून मिळू लागली. पुढे मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा तिच्या जागी आला. त्यांत चित्रपटगीतांच्या विनापरवाना नकला पुष्कळ असत, हे खरे. परंतु भजनी मंडळाला किंवा गायनपार्टीला आपल्या गाण्याच्या दहा-वीस प्रती काढणेही या रीतीनेच प्रथम शक्य झाले. परभणीच्या बोलीत गाणाऱ्याला दूरच्या खपाचा हिशेब करून प्रमाणभाषेकडे वळण्याचे कारण त्यामुळे उरले नाही.

येथेच नवी अडचण सुरू होते. साच्यावर काढलेल्या तबकडीस क्रमांक असे, सूचीत नोंद असे व प्रती अनेक घरांत विखुरलेल्या असत. एक प्रत फुटली तरी दुसरी सापडे. मागणीबरहुकूम सीडीची आवृत्तीच नसते. रंगाचा थर उष्णतेने व उन्हाने बिघडतो. ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव व प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२अ ने आवश्यक केले आहे. घरगुती सीडीवर बहुधा पेनाने लिहिलेले दोन शब्द असतात. ग्रंथालयांना ग्रंथ देण्याविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यात ध्वनिमुद्रिकांचा समावेश नाही. म्हणजे ज्या काळात बोलीतील गाणे सर्वांत अधिक प्रमाणात मुद्रित झाले, तोच काळ भावी अभ्यासकास मुका वाटण्याचा संभव आहे.

यावर उपाय अशक्य नाही. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, त्या गायिकेचे नाव व गाव यांच्या नोंदीसह. म्हणूनच २०१७ पासून त्या पुन्हा प्रकाशात येऊ शकल्या. प्रती एकेक करून काढता येतात, तर जास्तीची एक प्रत संग्रहासाठी काढणे कठीण नाही. परभणी जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थी आपापल्या तालुक्यातील अशा सीडी मिळवून, गायकाच्या संमतीने त्यांची नक्कल करून, नाव, गाव, वर्ष व प्रसंग यांची नोंद करू शकतील. प्रत काढण्याचे काम यंत्राने स्वस्त केले आहे. लिहून घेणाऱ्याची जागा अद्याप रिकामी आहे.