खाजण (ठाणे खाडीतील)

भरतीचे खारे पाणी नियमित पसरते अशी किनाऱ्यालगतची चिखलाची सपाट जमीन. ठाणे खाडीत तिवरांची दाट झाडी असून मोकळ्या खाऱ्या जागी मोरस ही मांसल पानांची वनस्पती वाढते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात निवटे, चिंबोऱ्या व शेवाळ विपुल; या सूक्ष्म शेवाळातील रंगद्रव्यांमुळेच लहान रोहित पक्ष्यांना गुलाबी छटा येते. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचे हजारोंचे थवे येथे चरतात. 2015 मध्ये येथे रोहित पक्षी अभयारण्य झाले, 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. मात्र सांडपाणी व भराव यांचा धोका कायम आहे. मुंबईलगत इतके समृद्ध खाजण टिकून राहणे विलक्षणच. ते पडीक जमीन मानणे सर्वस्वी चूक आहे.