भोजनसमयींचा पोशाख : शिरूरची छावणी व पुणें दरबार

आगबोटीवर रात्रींच्या भोजनास कोणत्या पोशाखानें जावें, हा प्रश्न आपल्या प्रवासी मंडळींस आजहि पडतो. काळा कोट व गळपट्टी अवश्य आहे, कीं साधा सदरा चालेल, याची विचारपूस निघण्यापूर्वींच सुरू होते. आणि तींत बहुतेकांचा समज असा दिसतो कीं, जेवणाकरितां निराळा वेष करणें ही इंग्रजांची रीत असून आपल्या पूर्वजांस ती ठाऊक नव्हती. हा समज आम्हांस निराधार वाटतो. तो पारखून पाहण्यास शिरूरसारखें सोईचें स्थळ नाहीं.

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजीं झाला आणि त्यानंतर थोड्याच काळांत कंपनीच्या तैनाती फौजेची छावणी घोडनदीच्या कांठीं शिरूरास पडली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉंटन कोरेगांवाकडे निघाला तो ह्याच छावणींतून. तेथील गोऱ्या अंमलदारांचा शिरस्ता त्यांच्या सैन्याचाच : अंगांत पलटणीचा कोट, गळ्यास ताठ पट्टी, पायांत जोडे, आणि त्या वेषानें मेजाशीं बसणें. दख्खनच्या उन्हाळ्यांत हें किती सुखाचें होत असेल तें सांगावयास नको. हिंदुस्थानांतील गोरे लोक अशा वेळीं जाड कोट उतरवून पांढरें सुती जाकीट घालूं लागले होते. म्हणजे शिस्त कोठें ढिली करावयाची याची वाटाघाट त्यांच्यांतहि चालूच होती.

आतां पुण्याकडे वळूं. ब्राह्मणी वाड्यांत दरबारचा पोशाख व पानावरचा पोशाख हे सर्वस्वी भिन्न होते. पागोटें, अंगरखा, शेला हीं दरबारचीं वस्त्रें. पंगतीस बसतांना तीं सर्व उतरावयाचीं. स्नान करून सोवळें नेसावयाचें : रेशमी मुकटा, पीतांबर, कद, किंवा लोंकरीची धाबळी, सुती धोतर असेल तर तें धुऊन, कोणाचा स्पर्श न होईल असें वाळविलेलें. अंगावर फार तर उपरणें. इंग्रज भोजनास बसतांना वस्त्रें चढवी, आमचा गृहस्थ उतरवी. इतकेंच नव्हे, तर कोटाचें एखादें बटण तुटलें असतां साहेबास हंसूं येई. येथें ओंवळ्याचा पदर लागला तर पुनः स्नान ठरलेलें. अधिक कडक नियम कोणाचा, हें वाचकांनींच ठरवावें. १७८३ सालीं सवाई माधवरावांच्या लग्नांत नाना फडणविसांनीं व्यवस्थेची जी तपशीलवार यादी करविली, ती पाहणारा तरी आपले लोक मेजवानीच्या शिष्टाचाराविषयीं उदासीन होते असें म्हणणार नाहीं.

हे दोन शिष्टाचार समोरासमोर आले म्हणजे काय होई? व्हायकौंट व्हॅलेंशिया हा इंग्रज उमराव १८०४ सालीं दुसऱ्या बाजीरावांच्या भेटीस आला. दरबारांत पांढरी बिछाईत होती. तीवर जोडे काढून जावें लागे, आणि तळपाय श्रीमंतांस दिसणार नाहींत अशा बेतानें मांडी घालून बसावें लागे. खुर्चीची संवय असलेल्या त्या पाहुण्यास तें आसन फार जड गेलें. पुढें हिराबागेंत मेजवानी झाली, तेव्हां केळीच्या पानांवर ब्राह्मणी पद्धतीचें जेवण वाढण्यांत आलें. पाहुण्यांनीं काटे-चमचे बरोबर नेले होते. श्रीमंत अर्थातच त्यांच्या पंगतीस बसले नाहींत. जोडे निघाले, पण कोट अंगावरच राहिला. पान मांडलें, पण यजमान निराळा जेवला. पादत्राणापुरता तह झाला, सोवळ्यापुरता होऊं शकला नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. ज्या पोशाखाचा आम्ही वर गौरव केला, तोच पोशाख इतरांस दूर ठेवण्याचें साधनहि होता. कोरेगांवच्या स्तंभावर ज्या शिपायांचीं नांवें कोरलीं आहेत, त्यांत महार पुष्कळ आहेत. शिरूरच्या मेजावर त्यांस जागा नव्हती, आणि पुण्याच्या पंगतींत तर नव्हतीच. कोणतेंहि वस्त्र धारण केलें तरी नव्हती. साहेबाचा कोट व ब्राह्मणाचा मुकटा ह्यांचें एवढ्या बाबतींत चांगलेंच एकमत होतें.

शिरूरास कर्नल विल्यम वॉलेस याची कबर आहे. तो १८०९ सालीं वारला. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत असें नमूद आहे कीं, गांवचे व आसपासचे लोक त्यास 'सत्पुरुष' म्हणून मानीत आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य तेथें नेत. ब्राह्मण व मारवाडी मात्र वगळून. जिवंतपणीं ज्याच्याबरोबर पंगत होणें अशक्य, त्यास मेल्यावर कुणब्यानें जेवूं घातलें, आणि त्याकरितां कोणीं कोणास पोशाख विचारला नाहीं.

१८५८ सालीं आगगाडी पुण्याहून दौंडावरून दिकसाळपर्यंत धांवूं लागली, आणि सोवळ्याचा खरा कस तेथें लागला. एकाच डब्यांत नाना जातींचे लोक. मुकटा नेसावयाचा कोठें? सोवळेकरी प्रवासी फराळावर वेळ काढी. आगबोटीवर तेंहि साधेना, कारण तेथें प्रवास आठवडेच्या आठवडे चाले. शिवाय गाडींत नुसता विटाळ टाळावयाचा होता. बोटीवर परक्यांच्या देखत मेजाशीं बसावयाचें किंवा न बसण्याचें कारण सांगावयाचें. धर्मशास्त्र किंवा सरकारी हुकूम यांपैकीं कांहींच उपयोगी नाहीं. ज्यानें त्यानें आपल्यापुरतें ठरवावें.

आनंदीबाई जोशी यांनीं तें निघण्यापूर्वींच ठरविलें. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथील व्याख्यानांत त्यांनीं आहार, पोशाख व रीतिभाती यांत फरक करणार नाहीं असें स्पष्ट सांगितलें आणि ७ एप्रिलास कलकत्त्याहून त्या बोटीवर चढल्या. वय अठरा. अमेरिकेंत पोंचल्यावर हिंवाळ्यानें पाय गारठूं लागले, तेव्हां त्यांनीं नऊवारी नेसण्याची तऱ्हा सोडून पाय झांकणारी गुजराथी तऱ्हा घेतली. लुगडें सोडलें नाहीं.