‘किती वॅटचं?’ हा प्रश्न शेवटचा : मोठ्या लेझर यंत्राच्या निवडीमागचा इतिहास

मोठ्या आकाराचं कोरीवकाम करणारं लेझर यंत्र कसं निवडायचं, हा खरं तर दुकानदाराचा प्रश्न. तो इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असं कुणालाही वाटेल. पण नामफलक, सन्मानचिन्हं, लाकडी जाळ्या करणारी माणसं कर्ज काढून हे यंत्र घेतात आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, ‘किती वॅटचं?’ आमचं म्हणणं असं की, ज्यांनी ही यंत्रं घडवली त्यांची ताकदीची अडचण तशी लवकर सुटली. घोडं अडलं ते दुसरीकडेच. ते कुठे अडलं हे कळलं, की निवड कशी करायची तेही कळतं.

सुरुवात 1960 पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मायमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. माणकाच्या स्फटिकातून निघणारा तो प्रकाश क्षणभर लखलखायचा आणि विझायचा. कोरीवकामाला असा लखलखाट पुरत नाही. तिथे अखंड चालणारा आणि ताकदवान किरण लागतो.

तो किरण 1964 मध्ये मिळाला, आणि इथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. कुमार पटेल यांचा जन्म 1938 मध्ये बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते 1958 मध्ये पदवीधर झाले, पुढे स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर शोधला. सुरुवातीला त्याची ताकद अगदीच किरकोळ होती. मग त्या वायूत नायट्रोजन मिसळला, त्यानंतर हेलियम मिसळला, आणि 1965 मध्ये त्याच जातीच्या लेझरनं शंभर वॅटची पायरी ओलांडली. म्हणजे बघा, आज नामफलकांच्या दुकानात जेवढ्या ताकदीची ट्यूब लागते, तेवढी ताकद साठ वर्षांपूर्वीच हाती आली होती.

या किरणाची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन. डोळ्यांना तो दिसत नाही. लाकूड, चामडं, कापड, ॲक्रिलिक, काच हे सगळे पदार्थ तो चांगला शोषून घेतात. चकचकीत धातूवरून मात्र त्याचा बराचसा भाग परत फिरतो. उघड्या धातूवर खूण करायला साधारण 1.06 मायक्रॉनचा किरण जास्त सोयीचा पडतो. त्याचं मूळ एलायस स्नित्झर यांच्या 1961 च्या कामात आहे. त्यांनी निओडिमियम मिसळलेल्या काचेतून लेझर मिळवला होता. आजचे फायबर लेझर त्याच वाटेनं पुढे आले. तेव्हा पहिला प्रश्न पदार्थाचा. शंभरातली नव्वद कामं लाकूड-ॲक्रिलिकची असतील तर वायूचा लेझर, धातूची असतील तर फायबर. इथे चूक झाली तर वॅट कितीही वाढवा, उपयोग नाही.

आता मोठ्या आकाराकडे येऊ. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच ह्यूज कंपनीनं कापड कापणारं लेझर यंत्र बाजारात आणलं आणि जेनेस्को या कपडे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं ते घेतलं. मोठं टेबल, वरून फिरणारा किरण आणि हुकूम द्यायला संगणक. दिसायला चमत्कारच! पण एका वेळी कापडाचा एकच थर कापला जायचा. त्याच काळात जोसेफ गर्बर यांचं यंत्रही आलं होतं. त्यात संगणकाच्या हुकमानं चालणारी साधी सुरी होती, पण कापडाची अख्खी थप्पी हवेच्या ओढीनं दाबून धरून ती एका दमात कापायची. मोठ्या कारखान्यांत शेवटी सुरीच रुजली. लेझर वाईट होता असं नाही. एकाच मापाचे ढीगभर कपडे कापायचं ते काम त्याच्या जातीचं नव्हतं. एकेक वेगळा तुकडा, बारीक नक्षी, वस्तूला हात न लावता कोरणं, हे त्याचं काम.

यावरून दुसरा प्रश्न निघतो : किरण फिरवायचा कसा? लहान आरसे झटपट हलवून किरण फेकणारी यंत्रं फार वेगवान असतात. पण त्यांचं क्षेत्र भिंगावर अवलंबून असतं. क्षेत्र वाढवायला लांब पल्ल्याचं भिंग लावावं, तर किरणाचा ठिपकाही त्याच प्रमाणात जाड होतो, बारीक अक्षर भरड उमटतं. म्हणून चार बाय आठ फुटांच्या शीटसाठी बहुधा दुसरी पद्धत घेतात : आडव्या-उभ्या रुळांवर आरसे आणि भिंग सरकवणं.

त्यातही एक गोम आहे. अशी शीट 1220 बाय 2440 मिलिमीटरची असते. ट्यूब एका जागी पक्की असेल, तर जवळच्या कोपऱ्यापेक्षा दूरच्या कोपऱ्यापर्यंत किरणाला सुमारे 3.66 मीटर जास्त जावं लागतं. जाताना तो थोडा पसरतो, आरसा केसभर हलला असेल तर भरकटतो. मग एका कोपऱ्यात अक्षर ठसठशीत, दुसऱ्यात फिकट. काही यंत्रांत ट्यूबच सरकत्या पुलावर बसवतात, काहींत किरण जास्तीत जास्त समांतर ठेवणारी भिंगं लावतात. विक्रेत्याला हे विचाराच. आणि चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एकच अक्षर, एकाच वेगानं कोरून दाखवायला सांगा. पाच अक्षरं सारखी आली तर पुढचं बोलणं.

तिसरा प्रश्न वेळेचा. एक मीटर बाय एक मीटरचं चित्र ओळीओळीनं भरायचं आहे आणि दोन ओळींत 0.1 मिलिमीटर अंतर आहे असं धरा. ओळी झाल्या 10,000. सेकंदाला 500 मिलिमीटर वेग असेल तर एका ओळीला दोन सेकंद, एकूण 20,000 सेकंद, म्हणजे साडेपाच तासांहून जास्त. शिवाय प्रत्येक टोकाला थांबून वळायला लागणारा वेळ वेगळा. आता वॅट दुप्पट केले, पण रूळ आणि मोटर तेवढ्याच वेगानं धावणार असतील, तर वेळ एक मिनिटही कमी होत नाही.

कापण्याची गोष्टही अशीच. 1967 मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या एका वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी किरणासोबत ऑक्सिजनचा झोत सोडून पोलादी पत्रा कापून दाखवला. त्यासाठी 300 वॅटचा लेझर पुरला. किरणाइतकंच काम झोतानंही केलं. आजही लाकूड आणि ॲक्रिलिक कापताना हवेचा झोत कसा आहे, धूर ओढणारा पंखा कसा आहे, हे वॅटच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

धुराचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण इथे प्रश्न पैशांचा राहत नाही. पीव्हीसी लेझरखाली कधीही घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्रही गंजवतो. दुसरं म्हणजे, वायूच्या लेझरचा किरण पारदर्शक ॲक्रिलिकच्या झाकणात अडतो, पण फायबर लेझरचा किरण त्याच झाकणातून आरपार जातो आणि डोळा कायमचा निकामी करू शकतो. एका यंत्राचं झाकण किंवा चष्मा दुसऱ्याला चालेल, असं धरून चालू नका.

थोडक्यात, आधी पदार्थ, मग हालचाल, मग कोपरे आणि वेळ, त्याबरोबर धूर आणि डोळे. एवढ्या चाळणीतून जी यंत्रं उरतील, त्यांच्यासमोर उभं राहून खुशाल विचारा, ‘किती वॅटचं?’ तेव्हा त्या प्रश्नाला खरा अर्थ येईल.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.