यंत्राला बाराखडी कोणी शिकवली?

श्रोतेहो, आपल्या बीड जिल्ह्यातले ‘किल्लेधारूर’ हे नाव घ्या. ‘कि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते; तोंडातून मात्र ‘क’ आधी निघतो. टंकलेखन यंत्र डोळ्यांचे ऐके, म्हणून वेलांटी आधी ठोकावी लागे. मग संगणकाने कोणाचे ऐकावे?

कानपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी १९८०नंतरच्या दशकात कौल दिला तो कानाला. आकार नव्हे, उच्चार साठवायचा. वेलांटी कोठे काढायची ते यंत्र पाहून घेईल. मग बंगाली, गुजराती, तेलुगू ‘क’लाही एकच क्रमांक देता आला. या लिप्या ब्राह्मीच्याच लेकी ना! १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाली आणि मोहन तांबे प्रभृतींचे हे ‘जिस्ट’ काम तेथे आले. त्यांचे कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी केलेले प्रोग्रॅमही देवनागरी दाखवू लागत. १९९१ मध्ये ही मांडणी भारतीय मानक झाली. तीत ‘क’ १७९ वा.

कार्डे केव्हाच अडगळीत गेली, मांडणी टिकली. युनिकोडने ती १९८८च्या मसुद्यावरून उचलली. तेथे देवनागरी ‘क’ २३२५ वा. त्यात १२८ मिळवा, बंगाली ‘क’ येतो. आणखी १२८, गुरुमुखी. आणखी १२८, गुजराती. गुरुजी, ही बेरीज वर्गात जरूर करून घ्या.

छपाईच्या जुन्या फॉन्टांनी मात्र आकाराचीच वाट धरली होती. म्हणून तर जुनी प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली, की मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात.