अंगणातली शाळा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे मंडळाने सांगितले. राजेरजवाडे आणि किल्ले बाजूला ठेवून मी लेकरांच्या खेळाचा इतिहास निवडला आहे. विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या तेरपासून करते.

गोरोबाकाकांची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आई पाण्याला गेली, रांगते मूल बापाजवळ राहिले, आणि विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवणाऱ्या गोरोबांच्या पायांखाली ते आले. पुढे पांडुरंगाच्या कृपेने मूल परत मिळाले, अशी कथेची सांगता आहे. कीर्तनात आपण त्यातली भक्ती ऐकतो, ती ऐकावीच. परंतु बाईच्या कानांना त्यात आणखी एक प्रश्न ऐकू येतो : आई पाण्याला गेली, तर लेकरू कोणाजवळ राहायचे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या खेड्यांनी बहुधा एकच दिले, ते म्हणजे थोरली बहीण. कडेवर भाऊ, म्हणून शाळा बंद. ही सातआठ वर्षांची पोर त्याला खेळवी कशाने? ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, चिखलाचे बैल, चुलबोळकी, चिंध्यांची बाहुली. यातच मोजणे होते, जुळवणे होते, बोलणे होते. पण त्याला शिक्षण हे नाव कोणी दिले नव्हते.

ते नाव देण्याचे मोठे काम इटलीत झाले. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. तिथेही आईबाप कामावर जात आणि मुले मोकाट राहत. हाताने वस्तू हाताळत मूल स्वतःच शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. 1920 मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी तो विचार मराठीत रुजवला. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

अडचण एवढीच, की लाकडी साधने महाग आणि बालमंदिरे शहरातली. म्हणून 1945 मध्ये ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मुलांना आंघोळ घालावी, केस विंचरावेत, मग गाणी-गोष्टी आणि खेळ. साधने म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने. 'अंगणवाडी' ही कल्पना अशी घडली. 1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, त्यामुळे धाकट्याला घेऊन येणाऱ्या बहिणीलाही शिकता आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. गोरोबांच्या घरातल्या प्रश्नाचे हे पहिले खरे उत्तर, असे मला वाटते.

त्या काळात आपला जिल्हा निजामी राजवटीत होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी आपण मुक्त झालो आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आलो. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांनी सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला.

घरच्या खेळाचे मोल आता मोजूनही झाले आहे. जमैका देशात 1986-87 मध्ये खुरटलेल्या 129 बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी सेविका आठवड्यातून एक तास जाई आणि घरी बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, हे आईला दाखवी. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले, तर त्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के अधिक निघाली. खर्च खेळण्यांवर नव्हताच. मोल होते त्या तासाचे.

तेव्हा आपण घरी काय करावे? तीन-चार महिन्यांच्या बाळापुढे खुळखुळा हळूहळू फिरवावा, त्याने हुंकार दिला की आपण उत्तर द्यावे. बसू लागलेल्याला वाटी-चमचा वाजवू द्यावा, पदराआड लपून पुन्हा तोंड दाखवावे. वर्षाच्या मुलाला डबा भरू द्यावा, ओतू द्यावा, झाकण लावू द्यावे. दोन-तीन वर्षांच्याकडून कांदे एकीकडे, बटाटे एकीकडे करवून घ्यावे आणि लहानमोठे ओळखवावे. शेंगदाणे, चिंचोके, मणी मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत. घशात वा नाकात अडकतात. आणि रडते म्हणून मोबाईल देऊ नये. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे.

शेवटी एक विनंती. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. लेकरे बरोबर जातात, नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. आणि धाकट्याला सांभाळायला थोरल्या बहिणीची शाळा पुन्हा सुटते. आपल्या गल्लीत अशी एखादी मुलगी दिसली, तर रोज तासभर तिच्या कडेवरचे बाळ आपण घ्यावे, आणि तिला शाळेत धाडावे. अंगण आपल्याजवळ आहे, वाटी-चमचाही आहे. ताराबाई-अनुताईंनी सुरुवात याहून फार जास्त भांडवलावर केली नव्हती.